खांबेटे मॅडमची रिकामी बाटली

डॉ. विजया खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला हाकलून दिलं होतं. अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, असं संपादकांनी मला प्रेमानं सुचवलं. पण दुसरी पहिली भेट आणू कुठून? जे घडलं ते असं घडलं, आणि मॅडमबद्दल लिहिताना खोटं लिहायची सोय नाही. का नाही, ते लेखाच्या शेवटापर्यंत लक्षात येईलच.

मी परभणीचा. कान-नाक-घसा या विषयात पदव्युत्तर शिक्षणासाठी मला चंदीगडच्या एका मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली, तेव्हा आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण झालं. पंजाब पेटलेला होता, ते ते दिवस. सकाळी रेडिओ लावला की पहिली बातमी तिकडचीच. वडील म्हणाले, "कान-नाक इकडच्या माणसांना नाहीत का?" तरी मी गेलो. गाड्या बदलत, उघड्या खिडकीशी बसून, अंबाल्यानंतर जीव मुठीत धरून मी पोचलो तो नाक गळत असतानाच. सामान वसतिगृहात टाकलं आणि हजर व्हायला विभागात गेलो. मला शिकवणार होत्या त्या मॅडम तेव्हा मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांची नाकं तपासायला त्यांच्या कक्षात गेल्या होत्या. मी दार ढकललं, नमस्कारासाठी हात जोडले आणि शिंकलो.

"परभणीचे का तुम्ही? या," त्या मराठीत म्हणाल्या. इतक्या दूर आपली भाषा ऐकून माझे डोळे भरून आले. पुढचं वाक्य होतं, "आणि आता आल्या पावली बाहेर व्हा. नाक कोरडं झाल्याशिवाय या दारात दिसलात तर परत परभणीला पाठवीन."

मी बाहेर. मनात म्हटलं, झालं, शिक्षण संपलं. संध्याकाळी वसतिगृहाच्या दारात फ्रॉक घातलेली एक मुलगी डबा घेऊन उभी. "आई ने कहा है, गरम-गरम खा लेना," एवढं बोलून ती पळाली. मॅडमची लेक. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतूनच यायचं. डब्यात मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार. ज्या बाईंनी दुपारी हाकललं त्यांच्याच घरचा तो भात खाताना मला आईची आठवण येऊन रडू फुटलं, हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

शिंकेसाठी एवढा कडकपणा का, हे पुढे कळलं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरानं परकं म्हणून नाकारू नये यासाठी रुग्णाला जन्मभर औषधं घ्यावी लागतात. ती औषधं शरीराची राखण करणारी शक्तीच दाबून टाकतात. मॅडम आम्हाला सांगत, "दारातल्या कुत्र्याला आपणच गुंगी दिली आहे. आता चोर आला तर भुंकेल कोण?" तुम्हा-आम्हाला सायनसचा त्रास झाला तर डोकं दुखतं, ताप येतो, गाल ठणकतो; शरीर ओरडून सांगतं. या रुग्णांचं शरीर ओरडतच नाही. गालाच्या हाडातल्या पोकळीत महिनोन्‌महिने पू साचतो, बुरशी धरते, आणि माणूस म्हणतो, "सर्दीच तर आहे." मग ती बुरशी हाड खाऊन डोळ्यात आणि मेंदूत शिरते तेव्हा हातात काही उरत नाही. "सर्दीच तर आहे" हे शब्द आमच्या विभागात उच्चारायची बंदी होती. एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या तोंडून ते निघाले, तर मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांना असं काही धारेवर धरलं की ते बिचारे पुढे स्वतःच्या सर्दीचंही नाव घेईनात.

तेव्हा तपासणीची आजची साधनं नव्हती. सीटी स्कॅनचं यंत्र होतं, पण त्यापुढे डोक्याला मार लागलेल्यांची रांग, आणि त्या दिवसांत गोळ्या लागलेल्यांचीही. मॅडमनी यावर स्वतःची युक्ती काढली होती. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, उकळून त्यांत त्या हिंग, लवंग, कॉफी असं काहीबाही भरून ठेवत. मूत्रपिंड बदललेला प्रत्येक रुग्ण महिन्याच्या तपासणीला आला की मूत्रपिंडवाल्यांकडून आमच्याकडे यायचा. डोळे मिटायचे, एकेक बाटली हुंगायची, कसला वास ते सांगायचं. नाकात आत कुठं सूज चढू लागली की दुखण्याआधी वास जातो, हा त्यांचा भरवसा. सगळं रुग्णालय त्यांना 'सूँघनेवाली डॉक्टरनी' म्हणायचं. काहीजण हसून, काहीजण हात जोडून.

या बाटल्यांची एक गंमत मॅडम स्वतःच रंगवून सांगत. सुरुवातीला त्यांनी एका बाटलीत घरचा गोडा मसाला भरला होता. त्यांच्या मते जगात याहून ओळखीचा वास नाही. तर काय, जो येईल तो बाकी सगळं ओळखायचा आणि या बाटलीशी अडायचा. "पता नहीं जी." मॅडम हबकल्या. निम्म्या पंजाबाची नाकं निकामी झाली की काय, असं त्यांना वाटू लागलं. विभागप्रमुखांना सांगायला निघाल्या, तेवढ्यात शेजारच्या काकूंना तो मसाला सहज हुंगायला दिला, तर त्याही म्हणाल्या, "ये क्या है, बहनजी?" मॅडम सांगत, "अरे, नाकं शाबूत होती, माझीच अक्कल गेली होती. दगडफुलाचा वास लुधियान्याच्या माणसाला कसा कळणार?"

दुसरं कुणी असतं तर ती बाटली गुपचूप फेकून दिली असती. मॅडमनी त्या चुकीतून पद्धत बदलली. तेव्हापासून प्रत्येक रुग्णानं एक बाटली आपल्या घरून भरून आणायची. ज्या वासात तो वाढला तो वास. कुणी वडियां, म्हणजे तिकडचे सांडगे, आणायचे, कुणी लोणच्याचा खार, कुणी मोहरीचं तेल, एका आजींनी तर म्हशीच्या गोठ्यातला पेंढा आणला होता. आधी घरच्या माणसानं हुंगायचं, मग रुग्णानं. गोड्या मसाल्याची बाटलीही पिशवीत राहिलीच. "शहाणपण कमी पडू लागलं की मी ती हुंगते," असं मॅडम म्हणत.

गुरमेल सिंगजी आमच्याकडे आले ते याच पद्धतीतून. रोपड पलीकडच्या खेड्यात ते शाळामास्तर. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं, जसवंत कौर यांनी, आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. जसवंतजी स्वतः दर तपासणीला सोबत यायच्या. रस्त्यात ठिकठिकाणी बस थांबवून झडत्या व्हायच्या, कधी बस यायचीच नाही. तरी या दोघांची खेप चुकायची नाही. त्यांच्या घरची बाटली म्हणजे बडीशेप घातलेला ताजा गूळ. त्यांच्या शेतातच गुऱ्हाळ होतं. जसवंतजी झाकण उघडून आधी स्वतः हुंगत, डोळे मिटून हसत, आणि मग भावाच्या नाकाशी धरत. गुरमेलजी दर वेळी सांगायचे, "गुड़ जी." बाकीच्या बाटल्याही ओळखायचे. ताप नाही, दुखणं नाही. मी तर त्यांना पाहिलं की निर्धास्त व्हायचो.

एका खेपेला मॅडम त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग पिशवीतून एक बाटली काढली. "आँखें बंद. ये बताइए."

गुरमेलजींनी हुंगलं. "लौंग जी."

मॅडमनी मला ती बाटली दाखवली. धुतलेली, कोरडी, रिकामी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी नजरेनंच मला गप्प केलं. जसवंतजींना म्हणाल्या, "बहनजी, ज़रा चाय भिजवा देंगी? सुबह से नहीं पी." जसवंतजी बाहेर गेल्या. मग मॅडमनी रिकामी बाटली गुरमेलजींच्या तळहातावर ठेवली. तो माणूस त्या बाटलीकडे बघत हमसून रडू लागला.

वास जाऊन महिने झाले होते. हिंग झोंबायचा, एवढ्यावरून तो ओळखता यायचा. बाकीच्या बाटल्यांचा क्रम पाठ होता. गुळाची बाटली तर बहिणीच्याच हातात असायची. "मैडम जी, उसने अपना अंग काट के दिया है," ते म्हणाले. "मेरे मुँह की तरफ़ ऐसे देखती है, जैसे माँ देखती थी. मैं कैसे कहूँ कि नहीं आती?"

मी कितीतरी मोठे डॉक्टर पाहिले आहेत. अशा वेळी "हमसे झूठ बोला?" म्हणून फटकारणारे पाहिलेत, खरं सांगायचं तर मीही फटकारलं असतं. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मास्टरजी, बहन को ख़ुश रखना आपका काम. मुझसे सच बोलना भी आपका काम. मेरे पास 'नहीं आती' कहने में कोई शर्म नहीं."

तपासलं, तर एका बाजूची पोकळी गच्च भरलेली. बुरशीचाच संशय. आता पेच असा की, त्या काळी बुरशीवर जे जालीम औषध होतं तेच मूत्रपिंडाला जाळायचं. औषध द्यावं तर बहिणीनं दिलेलं मूत्रपिंड जाणार. न द्यावं तर बुरशी माणसाला नेणार. उरली शस्त्रक्रिया. पण या रुग्णांच्या जखमा लवकर भरत नाहीत, म्हणून त्यांना सुरी लावायला सगळे घाबरत. नाकातून दुर्बीण घालून पोकळी साफ करण्याची रीत आमच्याकडे अगदी नवी होती, आणि तो हात बसलेली व्यक्ती एकच.

सगळ्या विभागांची बैठक बसली. मूत्रपिंड विभागाचे प्रमुख उंचेपुरे, करड्या शिस्तीचे, मनानं सोन्यासारखे; पण रुग्णांच्या बाबतीत वाघ. ते म्हणाले, "मैडम, एक नाक के लिए किडनी दाँव पर लगा दूँ?"

"नाक के लिए नहीं सर, किडनी के लिए ही कह रही हूँ."

"और कुछ हो गया तो?"

"तो जवाब मैं दूँगी. बहन को भी मैं ही दूँगी."

शेवटी प्रमुखांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिले तेव्हा कळलं, मॅडमचे हात बर्फासारखे गार पडले होते. त्यांनी पिशवीतून गोड्या मसाल्याची बाटली काढली, हुंगली आणि कामाला लागल्या.

शस्त्रक्रियेत पोकळीतून शाडूसारखा चिकट, काळपट गोळा निघाला. बुरशीच होती. पण हाडात शिरली नव्हती. थोडक्यात वेळ साधली होती. आता पुढचे काही दिवस रोज दुर्बिणीतून बघत पोकळी धुणं आवश्यक होतं. तिथं पुन्हा काही धरलं तर केलेलं सगळं पाण्यात. आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी शहरात संचारबंदी लागली.

सकाळी रुग्णवाहिका घेऊन मी मॅडमना आणायला निघालो. चंदीगडचे ते रुंद, सरळ रस्ते इतके ओस मी कधी पाहिले नव्हते. मॅडमचे यजमान हवाई दलात. नुकतीच त्यांची बदली दक्षिणेत झाली होती आणि मॅडम रुग्णांसाठी लेकीला घेऊन मागे राहिल्या होत्या. शेजारी लेकीला सोपवून त्या फाटकाशी तयारच उभ्या होत्या, खांद्याला तीच पिशवी. पुढच्या चौकात आम्हाला अडवलं. पास दाखवला, पण जवानानं पिशवी उघडायला लावली. आत ओळीनं छोट्या बाटल्या, त्यांत कसकसली पूड. ते दिवस असे होते की कुणालाही घाम फुटावा. त्यानं बंदूक सरसावली. "ये क्या है?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सूँघ के देख लो, भैया."

एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पूड भरलेली बाटली, असं त्यानं हुंगलं. "इसमें तो कुछ नहीं है."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. बंदूक समोर असल्याची त्यांना आठवणही राहिली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी दुसरी बाटली पुढं केली. "ये? कॉफ़ी है. नहीं? और ये लौंग?"

"नहीं जी."

"कब से बंद है नाक?"

बंदुकीची नळी हळूहळू खाली गेली. "साल भर हो गया, मैडम. सर्दी ही तो है."

"सर्दी ही तो है?" मॅडमचा आवाज त्या ओस चौकात असा चढला की पलीकडचे अधिकारी धावत आले. त्यांनी पास पाहिला, सलाम केला आणि आम्हाला सोडलं. पण गाडी हलण्याआधी मॅडमनी खिडकीतून त्या जवानाला बजावलं, संचारबंदी उठली की बाह्यरुग्ण विभागात यायचंच. तो आलाही. नाकाचं हाड वाकडं होतं, ते सरळ करून दिलं. संचारबंदी असेपर्यंत मॅडम रोज तशाच आल्या, आणि त्या चौकात आम्हाला पुन्हा कुणी पिशवी उघडायला लावली नाही.

घरी सोडण्याआधी मॅडमनी जसवंतजींना उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं भावाचं नाक धुवायला शिकवलं. पितळी तोटीचं भांडं, मान कशी वाकवायची, भांडं कसं उकळायचं, सगळं स्वतः करून दाखवलं. आणि शस्त्रक्रियेनंतर गुरमेलजी दर तपासणीला, बहिणीच्या देखत, गुळाच्या बाटलीवर मान हलवून सांगत, "नहीं आती जी." जसवंतजींचा चेहरा उतरायचा. मॅडम म्हणायच्या, "शाबाश मास्टरजी." वास न आल्याबद्दल शाबासकी देणाऱ्या डॉक्टर मी जगात एवढ्याच पाहिल्या.

मग हिवाळा आला. जसवंतजींनी बाटलीचं झाकण नुसतं सैल केलं होतं, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनी गुरमेलजी म्हणाले, "गुड़. नया गुड़ है, इसमें सौंफ ज़्यादा पड़ गई है." जसवंतजींनी तोंडाला दुपट्टा लावला. मॅडमनी लगेच दुसरी बाटली पुढं केली. ते हुंगून हसले. "ये ख़ाली है जी." त्या दिवशी मी मॅडमना पहिल्यांदा डोळे पुसताना पाहिलं.

या गोष्टीला आता कित्येक वर्षं झाली. मूत्रपिंड बदलण्यापूर्वी आणि नंतर रुग्णाचं नाक तपासणं ही आज रीतच झाली आहे. मॅडमचे विद्यार्थी देशभर आहेत, आणि माझ्या नाशिकच्या दवाखान्यातही धुतलेल्या बाटल्यांची एक ओळ आहे. जसवंतजी दोन वर्षांपूर्वी वृद्धापकाळानं गेल्या. त्यांनी दिलेलं मूत्रपिंड मात्र त्यांच्या भावाच्या पोटात अजून काम करतं आहे. असं क्वचित घडतं, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो; पण ते घडताना मी पाहिलं आहे.

या लेखाच्या निमित्तानं गेल्या हिवाळ्यात मी मॅडमना भेटायला गेलो. आमच्या वेळी झिरकपूर म्हणजे चार धाबे आणि धूळ. आता तिथं इमारतींचं रान आहे आणि विमानतळाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत माझा जीव मेटाकुटीला आला. मॅडम आणि त्यांचे यजमान तिथंच लेकीजवळ राहतात. मी पोचलो तर गुरमेलजी आधीच येऊन बसलेले. दाढी पांढरीशुभ्र, हातात बाटली. दर हिवाळ्यात नव्या गुळाची बाटली घेऊन यायचं, हा त्यांचा नेम.

"आज आपकी बारी, डॉक्टर साब," ते मॅडमना थट्टेनं म्हणाले. "आँखें बंद."

मॅडमनी लहान मुलीसारखे डोळे मिटले. गुरमेलजींनी झाकण उघडून बाटली त्यांच्या नाकाशी धरली. गुळाचा घमघमाट मला पलीकडच्या खुर्चीत आला.

मॅडम हुंगत राहिल्या. पुन्हा हुंगलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. माणूस तोच, ऋतू गुळाचा, बाटली दरवर्षीची. 'गूळ' म्हणायला नाकाची गरजच नव्हती. समोरचा म्हातारा आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघत होता, त्याची बहीण गेल्यानंतरचा हा गूळ होता. मी मनात म्हटलं, म्हणा मॅडम, म्हणून टाका.

त्यांनी डोळे उघडले. "नहीं आती, मास्टरजी."

गुरमेलजींनी बाटली खाली ठेवली. मग त्यांनी मॅडमच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबाश."

मी मॅडमचाच जुना चिमटा आणि विजेरी मागून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गुरूंच्या नाकात डोकावलो. दोन्हीकडे मांसाचे कोंब वाढून वाट बंद झाली आहे. साधा आजार आहे, बरा होणारा. "हे काढायला हवं," मी म्हणालो. "कुणाकडून करून घ्याल?"

"म्हणजे काय? तुमच्याकडून."

"माझ्याकडून? मॅडम, माझे हात कापतील."

"माझेही गार पडले होते," त्या म्हणाल्या आणि आतून गोड्या मसाल्याची बाटली आणून त्यांनी माझ्या हातात दिली. ती आत्ता माझ्या टेबलावर आहे.

हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ती शस्त्रक्रिया झालेली असेल. मॅडमना उदंड आयुष्य लाभो, आरोग्य लाभो, हे तर आम्हा सगळ्यांचंच मागणं आहे. माझं मागणं थोडं वेगळं आहे. त्यांच्या शंभराव्या वर्षीच्या हिवाळ्यात गुरमेलजींनी दारात पाऊल टाकावं, बाटलीचं झाकण अजून घट्टच असावं, आणि आतल्या खोलीतून मॅडमचा आवाज यावा की यंदा गुळात बडीशेप जरा जास्त झाली आहे.